फायब्रोमायल्जिया आहेच, आता बोटंही दुखतात: हा संधिवात समजायचा का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४३. चार वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचं निदान झालं. मान, खांदे, कंबर, मांड्या कायम दुखतात, आणि रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. गेल्या तीन महिन्यांत हाताची बोटंही दुखायला लागली. सकाळी मूठ वळत नाही, अंगठी घट्ट होते. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताच्या शंकेने रक्तात बघतात तो घटक, ‘किंचित पॉझिटिव्ह’. एक डॉक्टर म्हणाले, हा तुमचा जुनाच आजार आहे. दुसरे म्हणाले, संधिवात सुरू झालाय. यात खरं कोणाचं, आणि आपलं आपल्याला काही ओळखता येतं का?

मी संधिवाताची डॉक्टर आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ रोज येतो. आधी एक गाठ सोडवून घेऊ. ‘हे की ते’ असं विचारलं की आपण धरून चालतो, की दोघांपैकी एकच असणार. तसं काही नसतं. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाला संधिवात होऊ शकतो, आणि संधिवाताच्या रुग्णांत तर फायब्रोमायल्जिया इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्यामुळे ‘मला काय झालंय’ यापेक्षा ‘हे जे बोट आज दुखतंय, ते कशामुळे दुखतंय’ हा प्रश्न कामाचा. जुनं निदान बरोबर असलं तरी नव्या दुखण्याचा पंचनामा नव्यानेच करावा लागतो.

दुसरी गोष्ट, दुखणं किती आहे यावरून ते कोणाचं आहे हे कळत नाही. लोक अगदी हमखास इथे फसतात. “इतकं दुखतंय म्हणजे आत काहीतरी खराब होत असणार,” हे वाटणं साहजिक आहे. पण गुडघ्यात पाणी भरलेला माणूस शांतपणे चालत तपासायला आलेला मी पाहिलाय, आणि ज्यांचा एकेक सांधा स्वच्छ आहे त्यांना ब्लाउजची शिवणही खांद्यावर सहन होत नाही, हेही पाहिलंय. दोघांचं दुखणं खरंच असतं. फक्त ते निघतं वेगवेगळ्या ठिकाणाहून.

संधिवातात बिघाड सांध्यातच असतो. दाहाच्या संधिवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, त्यात पाणी साठतं, सांधा गरम लागतो, आणि दुर्लक्ष झालं तर शेजारचं हाड कुरतडलं जातं. झिजेच्या संधिवातात कूर्चा पातळ होते आणि सांध्याच्या कडेने हाड वाढतं. फायब्रोमायल्जियात यातलं काही नसतं. स्नायू आणि सांधे जागच्या जागी ठीक असतात, पण मज्जारज्जू आणि मेंदू येणाऱ्या प्रत्येक निरोपाला वाढवून वाचतात. साध्या दाबाचीही पावती वेदना म्हणून फाडली जाते. २००२ साली रुग्णांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देण्याचा प्रयोग झाला. निरोगी माणसाला जेवढं दुखायला जितका दाब लागत होता, त्याच्या साधारण निम्म्या दाबातच फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना तेवढं दुखलं, आणि मेंदूतले वेदनेचे भागही तसेच उजळले. “सगळं मनाचं आहे” असं तुम्हाला कोणी सुनावलं असेल, तर त्याला हा प्रयोग खुशाल सांगा. अशा वेदनेला २०१७ पासून स्वतंत्र नाव आहे, नोसिप्लास्टिक. म्हणजे ऊतीही शाबूत, नसही तुटलेली नाही, तरी वेदना खरी.

गंमत म्हणजे या आजाराच्या जुन्या नावातच आजचा घोळ होता. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरने त्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं. शेवटच्या ‘आयटिस’चा अर्थ दाह. पुढे स्नायूंचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दाह कुठे सापडेना. तेव्हा १९७० च्या दशकात नाव बदलून ‘फायब्रोमायल्जिया’ झालं. ‘अल्जिया’ म्हणजे नुसतं दुखणं. दाह आहे की नाही, हाच दोघांतला फरक, आणि पुढचं सगळं तो दाह शोधण्याबद्दल आहे.

मी सुरुवात एका साध्या प्रश्नाने करते: “कुठे दुखतं, दाखवा.” आणि मग उत्तर ऐकण्यापेक्षा हाताकडे बघते. संधिवाताचा माणूस एक बोट पुढे करून ठिकाणं दाखवतो, हे पेर, ते पेर, हे मनगट. फायब्रोमायल्जियाचा माणूस तळहात फिरवतो. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर, “इथपासून ते... असं सगळंच.” दोन सांध्यांच्या मधली जागाही त्याच्या दुखण्यात येते: पोटरी, दंड, मांडीची बाहेरची बाजू, बरगड्यांवरचं मांस. ही काही अचूक चाचणी नव्हे, पण पुढे कुठे शोधायचं याची दिशा पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळते.

मग सकाळ. “सकाळी आखडायला होतं का?” हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण दोन्हीकडे उत्तर ‘हो’ असतं. मी विचारते, “किती वाजता उठता, आणि किती वाजता हात मोकळा होतो?” रूमॅटॉइड संधिवात, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो, त्यात बहुतेकांना त्या मोकळं होण्याची वेळ सांगता येते. “सहाला उठते, साडेसातपर्यंत शर्टाचं बटण लागत नाही, आठनंतर लागतं.” हात कोमट पाण्यात धरला, थोडी हालचाल झाली, की गाडी हळूहळू रुळावर येते. झिजेच्या संधिवातात हे सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपतं, पण बराच वेळ बसून उठलं की पुन्हा चार पावलं लंगडायला होतं. फायब्रोमायल्जियात उत्तर असं येतं: “मोकळं असं होतंच नाही हो. कुणीतरी रात्रभर ठेचून काढल्यासारखं अंग असतं.” आखडलेपण एका सांध्याचं नसतं, अख्ख्या देहाचं असतं, आणि ते आदल्या रात्रीच्या झोपेशी बांधलेलं असतं. नुसते तास मोजून निदान करू नका. फायब्रोमायल्जियाचे कितीतरी रुग्ण दोन-दोन तास सांगतात. काय आखडतं आणि कशाने सुटतं, हे जास्त बोलकं.

हालचालीचंही तसंच. दाहाचा सांधा विश्रांतीने धरतो आणि वापराने सुटतो. झिजेचा सांधा वापराने दुखतो आणि विश्रांतीने निवतो. फायब्रोमायल्जियाचा हिशेब उधारीचा असतो: आज काम केलं, आज निभावलंही, आणि परवा अंथरुणातून उठवेना. म्हणून “काल काय केलंत?” या प्रश्नाला “काही नाही” हे उत्तर आलं, तर मी परवाचंही विचारते.

आता सूज. सगळं प्रकरण इथेच येऊन ठरतं, त्यामुळे इथे थोडं थांबू.

फायब्रोमायल्जियात हात सुजल्यासारखे वाटतात, आणि ते वाटणं इतकं पक्कं असतं की रुग्ण शपथेवर सांगतात. पण बघायला गेलं तर सूज नसते. उलट, आमवात सुरू होताना सूज इतकी थोडी असू शकते की रुग्णाला दिसत नाही, पण बोटांना लागते. म्हणजे वाटणं आणि असणं, दोन्ही बाजूंनी फसवतं. तुम्ही घरी एवढं करून बघा. दोन्ही हात उजेडात धरून मूठ आवळा. बोटांच्या मुळाशी जे चार उंचवटे वर येतात, त्यांच्या मध्ये खोलगट दऱ्या दिसल्या पाहिजेत. सूज असेल तर त्या दऱ्या भरून येतात आणि उंचवट्यांची रांग सपाट दिसते. मग बोटं सरळ करून मधल्या पेरांवरच्या सुरकुत्या बघा. सुजलेल्या पेरावर त्या पुसट होतात, आणि बोट चातीसारखं मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळतं दिसतं. दोन हातांची तुलना करा, आणि एकाच हातातल्या बोटांचीही. सगळ्याच बोटांतल्या अंगठ्या सकाळी थोड्या घट्ट होत असतील, तर त्यावरून मी फारसं काही म्हणणार नाही. अंगात थोडं पाणी साठलं तरी तसं होतं. पण एकाच बोटातली अंगठी पेरावर अडकते आणि बाकीच्या सहज निघतात, असं असेल तर ते बोट मला बघायचंय.

यापुढचा भाग हाताला सवय असलेल्याने करावा, पण काय करतो ते माहीत असलेलं बरं. मी पेराच्या दोन्ही बाजूंना माझी बोटं ठेवून हलकेच दाबते. दाहाची सूज रबरी लागते, एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखी. झिजेची गाठ हाडासारखी टणक असते, तिथे काही सरकत नाही. मग मी पेर सोडून दोन पेरांच्या मधल्या हाडावर तेवढ्याच जोराने दाबते. नुसतं पेर दुखलं आणि मधलं हाड नाही, तर गोष्ट सांध्याची. दोन्ही सारखंच दुखलं, शिवाय नडगीवर, दंडावर, कपाळावर दाबूनही तेवढंच दुखलं, तर अख्ख्या यंत्रणेचीच संवेदना वाढलेली आहे. दाबही बेताचा हवा. अंगठ्याने दाबताना माझं नख पांढरं पडेल इतकाच, म्हणजे साधारण ४ किलो. त्याहून जोरात दाबलं तर कोणालाही दुखेल. शेवटी चारही उंचवटे आडवे एकत्र धरून हाताला हलकं दाबायचं, आणि तेच पायाच्या बोटांच्या मुळाशी.

पायांचं मुद्दाम सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकलेय. माझ्याकडे सहा वर्षं फायब्रोमायल्जियासाठी येणारी एक रुग्ण होती. एकदा सहज म्हणाली, “हल्ली सकाळी चालताना तळव्याखाली खडे आल्यासारखं वाटतं.” मी ऐकलं आणि जुन्या तक्रारींच्या यादीत टाकून दिलं. पुढच्या खेपेला ती तेच म्हणाली. मी पुन्हा झोपेबद्दल आणि व्यायामाबद्दल बोलले. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कुठे मी तिला मोजे काढायला सांगितले. पाय आडवा दाबल्याबरोबर तिने तो झटकन मागे घेतला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमधली फट रुंदावलेली समोर दिसत होती. सोनोग्राफीत दाह निघाला, अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्ततपासणी भरपूर पॉझिटिव्ह. बोटांच्या मुळाशी खडे वाटणं हे आमवाताचं पुस्तकी लक्षण आहे. मला ते पाठ होतं. पण तिच्या फाइलवर आधीच एक नाव लिहिलेलं होतं, आणि नाव लिहिलेलं असलं की डॉक्टर बघणं सोडतो. यात सात-आठ महिने गेले. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मोजे काढावे लागतात, तक्रार मानेची असली तरी.

कोणते सांधे, हेही बघायचं. आमवात हाताच्या बोटांचं मूळ, मधलं पेर, मनगट आणि पायाच्या बोटांचं मूळ धरतो, बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळचं टोकाचं पेर तो सहसा सोडतो. टोकाचं पेर दुखत असेल आणि तिथे टणक गाठ असेल, तर ती झीज. तेच पेर मऊ सुजलं असेल आणि नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर सोरायसिसचा संधिवात आठवायचा. मग कोपर, केसांची कड, कानामागे, बेंबी इथे खवलेदार डाग शोधायचे. ते डाग रुग्णाने कोंडा समजून सोडून दिलेले असतात.

रक्ताच्या रिपोर्टबद्दल मला जरा तक्रार करू द्या. ‘किंचित पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांनी जितकी झोप उडवली आहे, तितकी क्वचितच कशाने उडवली असेल. आरए फॅक्टर आमवाताच्या दहापैकी साधारण सात-आठ जणांत पॉझिटिव्ह येतो, पण पूर्ण निरोगी माणसांतही येतो. वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं, हिपॅटायटिस सीमध्ये आणि डोळे-तोंड कोरडे पाडणाऱ्या शोग्रेनच्या आजारातही तो सापडतो. थोडक्यात, सांधा सुजलेला नसताना कमी आकड्याचा आरए फॅक्टर जवळजवळ काहीच सांगत नाही. अँटी-सीसीपी जास्त विश्वासाची. ती पॉझिटिव्ह आली तर आमवात असण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही, कारण आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत ती येतच नाही. ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, शोधायला करतात त्या एएनए तपासणीचं तर विचारूच नका. १:४० या पातळीवर, म्हणजे रक्तातलं द्रव ४० पट पातळ करून पाहिलं तर, सुमारे ३० टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघतात, १:८० वर सुमारे १३ टक्के, आणि १:१६० वरही ५ टक्के. फायब्रोमायल्जियाच्या कितीतरी रुग्णांच्या मागे ‘ल्यूपस असू शकतो’ हे भूत या एका कागदाने लावलंय.

ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले आकडे, फायब्रोमायल्जियाने वाढत नाहीत. वाढलेले असतील तर दुसरं कारण शोधायचं, आणि ते कारण संधिवातच असेल असंही नाही. रक्त कमी असणं, वाढलेलं वजन, कुठलातरी जंतुसंसर्ग, नुसतं वय, यांनीही ते हलतात. उलट, थोड्या सांध्यांचा आमवात असेल तर दोन्ही नॉर्मल राहू शकतात. सुरुवातीच्या काळात एक्स-रेही स्वच्छ असतो, आणि वय झाल्यावर एक्स-रेमध्ये झीज दिसते ती जवळजवळ सगळ्यांच्याच. झीज दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नाही. तुमच्यासारख्या गुंत्यात मला सर्वांत उपयोगी वाटते ती सांध्यांची सोनोग्राफी, पॉवर डॉप्लरसह. सुजलेल्या अस्तरातला वाढलेला रक्तप्रवाह तिथे लाल ठिपक्यांनी दिसतो. रुग्णाला किती दुखतंय याचा त्या ठिपक्यांवर परिणाम होत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

फायब्रोमायल्जियासाठी अशी कुठलीच तपासणी नाही. १९९० च्या निकषांत अंगभर दुखणं असेल आणि शरीरावरची १८ ठरावीक ठिकाणं दाबून त्यातली निदान ११ दुखली, तर निदान होत असे. २०१० साली ती दाबादाबी सोडून दिली. आता १९ जागांपैकी कुठे कुठे दुखतं ते मोजतात, आणि थकवा, न ताजवणारी झोप, विसराळूपणा, डोकेदुखी, पोटातल्या कळा, उदासी यांना मिळून १२ पर्यंत गुण देतात. २०१६ च्या सुधारणेनुसार शरीराच्या पाच भागांपैकी निदान चार भागांत दुखणं हवं, आणि ते तीन महिने टिकलेलं हवं. त्याच सुधारणेत एक वाक्य आहे जे मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावते: दुसरा कुठला आजार असला म्हणून फायब्रोमायल्जियाचं निदान रद्द होत नाही. म्हणजे ‘काहीच सापडलं नाही, चला फायब्रोमायल्जिया लिहू’ हे चूक. आणि ‘संधिवात सापडला, आता फायब्रोमायल्जिया खोडू’ हेही चूकच.

सोबतचे सवंगडी कोण, यावरूनही बरंच कळतं. मायग्रेन, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, जबड्याचं दुखणं, रात्री पायांत होणारी तळमळ, प्रखर उजेड, मोठे आवाज, उग्र वास सहन न होणं, बोलताबोलता शब्द हरवणं, हे फायब्रोमायल्जियाचं गोत. थकवा दोघांनाही सामाईक, त्यावरून काही ठरवू नका. पण बारीक ताप, न ठरवता घटणारं वजन, डोळा लाल होऊन दुखणं, तोंडाला आणि डोळ्यांना कोरड पडणं, शौचातून रक्त, थंडीत बोटं पांढरीफटक पडणं, जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना खरोखरची ताकद कमी होणं, हे फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर मांडू नका. ‘दुखतं म्हणून हात वर जात नाही’ आणि ‘न दुखताही हात वर जात नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी तातडीने दाखवायची.

दोघांत न बसणारेही काही असतात. थायरॉइड कमी असणं, ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेने मऊ झालेली हाडं, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, झोपेत श्वास अडकणं, या सगळ्यांनी अंग दुखतं, आणि यातली बरीचशी कारणं साध्या चौकशीत निघतात. पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि खुबे धरले, ईएसआर चढला, तर पॉलिमायल्जिया रूमॅटिका हा निराळाच आजार असतो. त्याच्याबरोबर नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधूक होणं आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

यात एक आजार फार हुकतो म्हणून त्यावर दोन ओळी जास्त. मणक्याचा दाहाचा संधिवात, ज्याला स्पॉन्डिलायटिसच्या कुळातला म्हणतात. पाठदुखी पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली असते, उत्तररात्री झोप मोडते, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पडून राहिल्याने नाही. यात स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागा दुखतात: टाच, कोपराची बाहेरची बाजू, छातीच्या फासळ्या. फायब्रोमायल्जियाची जुनी दुखरी ठिकाणं यातल्या काही जागांवर किंवा त्यांच्या अगदी जवळ येतात. परिणामी कितीतरी तरुण स्त्रियांना हा आजार असताना फायब्रोमायल्जियाचा शिक्का बसतो, आणि सीआरपी नॉर्मल आला की तो पक्काच होतो. तुमची कंबर कशी दुखते, हे या नजरेने एकदा आठवून बघा.

समजा दोन्ही आजार निघाले, तर? असं व्हायला फार लागत नाही. आमवाताच्या साधारण पाचातल्या एकाला सोबत फायब्रोमायल्जिया असतो. तेव्हा निदानापेक्षा मोजमापात गफलत होते. आमवात किती जोरात आहे हे ठरवायला आम्ही डास-२८ नावाचा आकडा काढतो. २८ सांध्यांपैकी किती दुखरे, किती सुजलेले, ईएसआर किंवा सीआरपी किती, आणि रुग्ण स्वतःला किती गुण देतो, हे त्यात धरतात. त्या सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट वजन आहे. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाचे दुखरे सांधे वीस आणि सुजलेला एकही नाही, तरी आकडा चढाच येतो. मग डॉक्टर औषध वाढवतो, आणखी जबर औषध देतो, आणि दुखणं तसूभर हलत नाही, कारण त्या औषधाने विझवायला तिथे काही पेटलेलंच नसतं. मी आकड्याआधी दुखरे आणि सुजलेले यांच्यातलं अंतर बघते. ते मोठं असेल तर औषधाच्या चिठ्ठीवर पेन टेकवण्याआधी थांबते.

“गोळीने बरं वाटलं म्हणजे संधिवातच,” हेही खूप चालतं. स्टेरॉइडने पहिले काही दिवस पुष्कळांना तरतरी येते, आजार कुठलाही असो. त्यावरून निदान होत नाही. उलट तपासणीच्या आधी ती गोळी घेतली की होती ती सूजही लपते, आणि मग सोनोग्राफीलाही काही सापडत नाही. घेतली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्टेरॉइड आहे हे न कळताही ती गोळी पोटात गेलेली असू शकते.

एवढा खटाटोप अशासाठी, की दोघांचे उपचार वेगळ्या वाटेचे आहेत. आमवातात मेथोट्रेक्सेटसारखं औषध लवकर सुरू झालं तर सांधा वाचतो. दाह सहा आठवड्यांहून जास्त टिकला तर वाट बघत बसायचं नाही, कारण कुरतडलेलं हाड परत येत नाही. फायब्रोमायल्जियात मेथोट्रेक्सेटचा काडीचा उपयोग नाही, स्टेरॉइडचा नाही, अफूच्या जातीच्या जबर वेदनाशामकांचा तर तोटाच. तिथे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हीच सर्वांत भक्कम पुराव्याची गोष्ट. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सगळे पुरावे चाळून ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन यांनी काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही. पण सुजलेल्या सांध्याच्या माणसाला नुसता व्यायामाचा सल्ला देऊन घरी पाठवलं, तर त्याचा सांधा आम्ही गमावला.

आता तुमच्याबद्दल. कागदावरून निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या: दुखणं नवं आहे आणि ठरावीक जागी आहे, आणि सकाळी मूठ वळत नाही. चार वर्षं जे अंगभर होतं, ते अचानक बोटांत का बसावं, याचं उत्तर मिळेपर्यंत ‘जुनाच आजार’ मी म्हणणार नाही. आणि किंचित आरए फॅक्टरच्या भरवशावर ‘संधिवात सुरू झाला’ असंही नाही. पुढचे आठ-दहा दिवस उठल्या उठल्या, खिडकीच्या उजेडात, दोन्ही हातांच्या मागच्या बाजूचे दोन फोटो काढा: एक बोटं पसरून, एक मूठ आवळून, जेवढी आवळते तेवढी. दुपारी तेच पुन्हा. खाली हात मोकळा झाल्याची वेळ लिहा. हे घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. अँटी-सीसीपी, सीआरपी, ईएसआर, थायरॉइड, हिपॅटायटिस सी, आणि हातापायांची पॉवर डॉप्लर सोनोग्राफी यांबद्दल विचारा. तोवर स्टेरॉइड नको. नेहमीची फायब्रोमायल्जियाची औषधं मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

तपासताना डॉक्टरांना एकच गोष्ट स्पष्ट विचारा: “माझ्या सांध्यांना हात लावल्यावर सूज लागते का? कोणत्या?” उत्तर ‘नाही’ आलं आणि सोनोग्राफीही स्वच्छ निघाली, तर बोटांचं दुखणं बहुधा जुन्याच आजाराचं. तरीही तीन-चार महिन्यांनी हात पुन्हा दाखवा, कारण अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेल्या काहींची सूज मागाहून येते. जाताना अंगठ्या घरी काढून ठेवा, मोजे सहज निघतील असे घाला. आणि त्या दिवशी नखांना पॉलिश नको, नखांवरचे खड्डे बघायचे असतात.